फळ्यांचा बाक

१२ ऑक्टो. १९५८, हवल्ली
इंजिनियर साहेबाने वर्कशॉपात बर्फावर धावायच्या दोन लांब लाकडी फळ्या आणून दिल्या. त्याच्या बापाने हाताने केलेल्या. फक्त पॉलिश कर म्हणाला. साहेब यांच्यावर धावायचा, शिवाय बुटाला पाती लावून बर्फावर पळायचा. दोन्हीत त्याच्या बर्फाळ देशातर्फे उतरलेला. जानेवारीत रजेवर जाऊन शेवटच्या शर्यती. मी बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीत.

१५ ऑक्टो.
फळ्या मधोमध वाकलेल्या निघाल्या. इथल्या आखाती उन्हात लाकूड फिरतंच. रत्नागिरीला होडीची फळी सरळ करतो तशी वाफ दिली, क्लॅम्प लावून ठेवल्या. अब्बा असते तर पाठ थोपटली असती. साहेबाला बोललो नाही. आपोआप बघेल.

१८ ऑक्टो.
साहेबाने दोन्ही फळ्या पोटाला पोट लावून धरल्या. मध्ये केसभर फट नाही. मी छाती काढून उभा. त्याचा चेहरा उतरला. म्हणे, तो बाक मुद्दाम दिलेला, माणसाचं वजन तोलायला. मग स्वतःच विचारलं, "हीट?" म्हणजे उन्हाने गेला का. मी मान डोलावली.
चाळिशीचा मिस्त्री मी. लाज वाटते.

७ नोव्हें., जुम्मा
खोलीतल्या दाऊदला सांगितलं. "चूक झाली ती झाली. खोटा कशाला बोललास? जा नि सांगून टाक." उद्या नक्की.

२ डिसें.
नाही सांगितलं. साहेब स्वतःलाच बोल लावतो, उन्हाळाभर गॅरेजात ठेवल्या म्हणून. त्याच्या मॅडम सांगत होत्या. मी मान खाली घालून रंधा मारत राहिलो.

९ फेब्रु. ५९
साहेब परत आला. दुसऱ्याच्या फळ्या पायाला लावल्या नाहीत. नुसता पात्यांवर उतरला, तिथे त्याचं नाव कधीच मोठं नव्हतं. शेवटून दुसरा. हसत सांगत होता.

११ फेब्रु.
फळ्या मलाच देऊन टाकल्या. "गुड वुड, मिस्त्री. शेल्फ बनाओ." नमाजला उभा राहिलो तरी डोळ्यांपुढे त्याच.

१४ फेब्रु.
शेल्फ करवत नाही. पाणी तापत ठेवलंय. वाफेने बाक परत आणीन, हातात तेवढी कला आहे. पण किती? एक बोट की दोन? सरळ करताना माप घ्यायचंही सुचलं नाही. त्याचा बाप वारला, आता ठाऊक फक्त साहेबाला. आणि वाफेने बाक येतो हे कळलं की तो गेला कसा, हेही साहेब ओळखेल. ऑक्टोबरातच का नाही बोललास, एवढंच विचारेल.
पाणी उकळलं. साहेब दुपारपर्यंत ऑफिसात असतो. आधी तिकडे जातो.