तुमच्या विमानाला बसवलेली स्प्रिंग

आबा, तुमच्या विमानाला मी शेवटी ट्रिम बसवला. दोन स्प्रिंगा, एक केबल आणि सीटच्या बाजूला खाचा पाडलेला एक छोटा लिव्हर, एवढंच काम आहे. लिव्हर मागे घेतला की स्प्रिंग ताणली जाते आणि विमान चालवायचा दांडा तुमच्या हाताऐवजी ती मागे धरून ठेवते. विमानाचं नाक खाली जात नाही. तुम्ही असता तर गडमुडशिंगीच्या शेडच्या दारात उभं राहून आधी नुसतं बघितलं असतं आणि मग विचारलं असतं, "कुणाला इचारून केलंस?" कुणालाच विचारलं नाही. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. तुमचा शब्द मोडायला मला एवढा वेळ लागला.

ते विमान उभं राहत होतं तेव्हाचे दिवस मला हल्ली सारखे आठवतात. दिवसभर उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये पंपाचे भाग, आणि रविवार आला की शेड. पंखांचं कापड आईनं मंगळवार पेठेतल्या घरी शिवलं. स्वयंपाकघरापासून पार बाहेरच्या खोलीपर्यंत ते पांढरं कापड पसरलेलं असे आणि आपण भिंतीला पाठ लावून पलीकडे जात असू. गॅसपाशी जायला वाटच नसायची, मग बाहेरून मिसळ यायची. शेडवर रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "पावणं, हे खरंच उडतंय व्हय?" तुम्ही पान्यावरची नजर न काढता म्हणायचा, "उडलं की दिसंलच." सगळ्या परवानग्या येऊन ते उडलं त्या दिवशी तुम्ही घरी आलात, गरम पाण्यानं आंघोळ केलीत आणि झोपलात.

पण इंजिन नकाशात होतं त्याहून जड मिळालं होतं. बॅटरी मागे सरकवून वजन मर्यादेत बसलं, तरी विमानाची सवय गेली नाही. दांड्यावरचा हात सैल केला की नाक खाली. उडायला लागल्यापासून उतरेपर्यंत दांडा सतत आपल्याकडे ओढून धरायचा. पाण्याची भरलेली बादली हात वाकवून धरून बसावं तसं. तुम्ही उतरलात की उजवा हात डाव्या हातानं चोळत चालायचा. ते बघून मी एकदा म्हटलं होतं, "आबा, एक स्प्रिंग लावतो की मी." आपल्याकडच्या पोरी पोरांसारखं 'करतो', 'जातो' म्हणतात तशीच मी तेव्हा बोलायचे, अजूनही बोलते. तुम्ही वर्कशॉपमधल्या सगळ्यांसमोर म्हणालात, "इमान काय म्हस हाय, दाव्यानं बांधून ठेवायला? हाताला कळाय पायजे ते काय करतंय. ज्याला हात दुखतोय त्यानं रिक्षा चालवावी." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

आपण दोघं शेवटचं उडालो ते मला नीट दिसतं. हिवाळ्यातली सकाळ आहे, उसाच्या फडांवर धुकं आहे, गुऱ्हाळांचा धूर सरळ वर चाललाय. तुम्ही डावीकडे, मी उजवीकडे. मी तेव्हा नुकती शिकत होते. नदी ओलांडल्यावर नाक थोडं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. मला वाटलं तुम्ही खाली काहीतरी बघताय. मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "धर." मी माझ्या बाजूचा दांडा धरला. तुम्ही हात काढून मांडीवर ठेवलात आणि त्यावर दुसरा हात ठेवलात. मला वाटलं, मला शिकवताय. उतरेपर्यंत मीच धरून होते आणि मनातून हरखले होते. त्यानंतर तुम्ही उडाला नाहीत. विचारलं तर म्हणायचा, "झालं की आता. बास." हाताचा कंप आम्हाला दिसला तो पुष्कळ नंतर, जेवताना भाकरी मोडेना तेव्हा.

मग वर्कशॉप मी बघायला लागले. आई त्या वयात स्कूटर शिकली आणि दुपारी तुम्हाला मागे बसवून कुठेतरी नेऊ लागली. मी समजत होते शेताची हवा खायला जाताय. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. विमानावर ताडपत्री पडली ती पडलीच. माझं लायसन झालं, दुसऱ्यांची विमानं चालवली, पण त्या ताडपत्रीला हात लावायचा धीर झाला नाही. गेल्या वर्षी काढली. कापड नवं चढवलं, इंजिन उघडून पुन्हा जोडलं, तपासण्या झाल्या, उडवलं. आणि नदीपर्यंत जाऊन येईतो माझा खांदा भरून आला. तुम्ही वर्षानुवर्षं हे धरत होतात. तेव्हाच ठरवलं, स्प्रिंग लावायची.

आई डबा घेऊन शेडमध्ये आली होती. मी सीटमागे आडवी होऊन स्प्रिंगचं टोक कुठं अडकवायचं ते बघत होते. तिथं एक ॲल्युमिनियमची पट्टी होती. कापड बदलताना मला ती दिसली होती, पण लक्ष दिलं नव्हतं. तिला पाडलेली भोकं वेडीवाकडी होती. ड्रिल घसरून पत्र्यावर ओरखडे उठलेले, एक भोक लांबट होऊन फाटलेलं. तुमच्या हातचं भोक कधी केसभर इकडं तिकडं गेलं नाही, म्हणून मी धरून चालले होते की कुणी शिकाऊ पोरानं केलं असेल. मी आतूनच म्हटलं, "कुठल्या गाढवानं हे करून ठेवलंय, आई, बघ तरी."

मी बाहेर डोकं काढलं. ती डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

"त्येंनीच केलंय," ती म्हणाली.

"कुणी?"

"तुज्या आबांनी. दुपारी यायचो न्हवं आम्ही. मी बॅटरीचा उजेड धरायची, त्ये भोकं पाडायचे. स्प्रिंग लावतो म्हनायचे, मग दांडा जड लागणार न्हाय, मग जमंल. चार-पाच दुपारी क्येलं. मशीन हातात ऱ्हाईना. मग एक दिस पाना खाली ठेवला आन् म्हनाले, चल घरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हनाले. पोरीला न्हाय सांगायचं." तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "तू लावून दिली असतीस की. ठाऊक होतं त्यास्नी."

मी परत आत गेले. पट्टी बरोबर जिथं हवी तिथंच होती. मीही तीच जागा निवडत होते. फक्त भोकं फाटली होती, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. मी ती पट्टी काढली, नवी केली, तिथंच बसवली. स्प्रिंग पूर्ण ताणूनही दांडा हातानं पुढं ढकलता येतो का ते पुन्हा पुन्हा बघितलं. येत होता. माझं काम एका दुपारीत झालं, आबा. तेच मला सहन होत नाही. एका दुपारीत झालं.

मग उडाले. उंची घेतली, सरळ झाले, लिव्हर एकेक खाच मागे घेत गेले. दांड्यावरची ओढ कमी होत गेली आणि एका खाचेवर संपली. मी हात काढला. विमान तसंच चाललं होतं, खाली ऊस, पलीकडे नदी. माझा मोकळा हात कुठं ठेवावा ते मला कळेना. कुठल्याही माणसाला आनंद व्हावा असं ते होतं. मी शेजारच्या सीटकडे बघितलं नाही. उतरल्यावर आईनं विचारलं, "जमलं?" मी म्हटलं, "जमलं." ती म्हणाली, "मग आता जरा लांब जात जा की," आणि चालायला लागली.

तुम्ही माझ्यापुढं हात पसरायचा नाही असं ठरवलंत, की वर्कशॉपमधलं ते हसणं तुमच्या लक्षात राहिलं होतं, हे मला आता कळणार नाही. अजून वर्ष-दोन वर्षं तुम्ही उडू शकला असता. निदान एक हिवाळा. येणारे-जाणारे त्या जुन्या पट्टीबद्दल विचारतात तेव्हा मी म्हणते, आईकडून ते ऐकून फार वाईट वाटलं. ते खरं आहे, पण सगळं नाही. त्या चार-पाच दुपारी तुम्हाला कुणीतरी जवळ लागलं आणि तुम्ही आईला घेऊन गेलात. पन्नाशी गाठलेल्या बाईला हे शोभत नाही, तरी मला आईचा हेवा वाटतो. ती आता आतून जेवायला हाक मारतेय. हे कागद मी तिलाही वाचून दाखवणार नाही.