मारिसेलाचे नाणे कोणाकडे राहील

मी, ऑर्टेन्सिया आरेदोंदो, वय त्र्याहत्तर, राहणार सॅन अँटोनियो, टेक्सस, हे लिहून ठेवते. पोटातल्या गाठीविषयी डॉक्टरांनी काय ते सांगितले आहे. डोके मात्र शाबूत आहे आणि शेजारी बसून कोणी मला शब्द सुचवत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझे पती एउसेबियो यांच्या हयातीपर्यंत त्यांचे. त्यांना वृद्धाश्रमात हलवू नये. त्यांच्या पश्चात घर माझा भाऊ हिल्बेर्तो याचे.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या डार्ला व्हिटकॉम्ब हिला. हवाई दलाच्या छावणीबाहेरच्या माझ्या दुकानात याच मशीनवर मी नव्या पोरांच्या गणवेशांवर नावे शिवली. माझ्या लेकीचे, मारिसेलाचेही शिवले. डार्ला तिच्याच तुकडीतली. प्रशिक्षण संपल्याच्या सोहळ्याला तिच्या घरचे कोणी आले नव्हते, म्हणून मी दोघींना मिठी मारली. तेव्हापासून दर नाताळात ती मक्याच्या पिठाचे, वाफेवर उकडलेले तमालेस खायला माझ्याकडे येते.

३. बहीण रामोना हिला काही नाही. मारिसेलाच्या शवपेटीपाशी ती म्हणाली होती, "पोरीला सैन्यात धाडलंस ना? आता रड." तमालेसचे मोठे पातेले तिने नेले ते परत दिले नाही. ते तिलाच राहू द्या.

४. नाणे. सोहळ्यात प्रशिक्षकाने मारिसेलाचा हात हातात घेऊन हे गरुडाचे नाणे तिच्या तळव्यावर ठेवले आणि म्हणाला, "आजपासून तू आमची." एउसेबियो तिथे नव्हते. त्यांचा भाऊ निकानोर व्हिएतनामहून पेटीतून घरी आला होता. गणवेश दिसला की ते तोंड फिरवीत. मारिसेला तशीच घरी आली आणि नाणे त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, हे तुमच्यासाठी."

"सरकारचं आहे ना? तुझ्याकडेच ठेव."

तिने ते खिशात घातले. सहा वर्षांनी तिचे हेलिकॉप्टर पडले. तिच्या सामानात नाणे परत आले, एका कडेला काळवंडलेले. एउसेबियोंनी ते उचलले ते आजतागायत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. हिल्बेर्तोला ते माजी सैनिकांच्या सभागृहात, काचेच्या कपाटात ठेवायचे आहे. तसे करू नये. एउसेबियो आहेत तोवर नाणे त्यांचे, नंतर डार्लाचे.

५. हे खास हिल्बेर्तोसाठी. एउसेबियोंची स्मृती गेली आहे. ते सकाळीच बुटांना पॉलिश करतात आणि मला हाका मारतात, "आटप गं! पोरीचा सोहळा ना आज? ती बिचारी वाट बघत उभी असेल." इस्टरला तू त्यांना म्हणालास, "दाजी, मारिसेला जाऊन किती वर्षं झाली!" तुझ्या मनात वाईट नव्हते. पण ते तिथेच फरशीवर बसले आणि बातमी आत्ताच आल्यासारखे रडले.

पुन्हा सांगू नकोस. टोपी दे, गाडीत बसव, छावणीपर्यंत एक फेरी मारून आण. बहुधा परतेपर्यंत विसरतात. नाही विसरले, तर सांग, "तुम्ही आलात म्हणून पोरगी खूश झाली, दाजी."

मला ठाऊक आहे हे खोटे आहे. देवाने विचारले तर माझे नाव सांग. जाब मी देईन.

सही: ऑर्टेन्सिया आरेदोंदो
सॅन अँटोनियो, ९ सप्टेंबर २०१९

आमच्यादेखत सही केली. मध्ये एकदा त्यांनी लेखणी खाली ठेवली होती, आम्ही थांबलो.
साक्षीदार: विल्मा ओचोआ, शेजारीण
साक्षीदार: डेल क्रेन्शॉ, दुकानाचे जागामालक