पाखऱ्याचा वेग

५ जाने., सोम.
माळावर बैलांच्या शर्यतीसाठी छकड्यांचा सराव. दत्ताच्या बादलची गाडी मोबाईलच्या वेग मोजणाऱ्या अ‍ॅपवर ताशी चाळीसच्या वर, माझ्या पाखऱ्याची तिशीच्या आत. दत्ताने लगेच आकड्यांचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, त्याचं ते हसू बघवेना. जळतोय मी. दुसरा शब्द नाही.

७ जाने., बुध.
पुन्हा तेच. फोन पडू नये म्हणून पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून जुवाखाली आवळून बांधला. आकडा आणखी कमी! सुनीता म्हणाली, "डोळ्यांनी तर पाखऱ्या लई पळताना दिसतोय." बायकोवर उगाच खेकसलो. फोन वेग उपग्रहावरून मोजतो म्हणे; त्या उपग्रहाचं काय माझ्याशी वैर आहे?

९ जाने., शुक्र.
घोडेगावचा बाजार. पाखऱ्या विकला. व्यापारी त्याला टेम्पोत चढवत असताना... असो. दत्तापुढे रोज मान खाली घालण्यापेक्षा बरं.

११ जाने., रवि.
दत्ताचा आकडा खोटा पाडायचाच म्हणून मोटारसायकल काढली. फोन टाकीवर. एकदम पिळली. मीटरचा काटा पन्नासवर, फोन अजून विशीत. ब्रेक मारला तेव्हा हा बाबा चाळीस दाखवतोय! वेग झटक्यात वाढला की त्याला कळायलाच वेळ लागतो. लांबून एका वेगाने आलो तर बरोबर. पोत्यात गुंडाळून सीटखाली ठेवला तर नुसता गोंधळ.
दत्ता फोन छकड्यावर उघडा ठेवतो, गाडी लांबून पळवत आणतो. पाखऱ्या म्हणजे सुटला की गोळी. फोन जागा होईपर्यंत त्याची धाव संपलेली.
खोटा निघायचा होता दत्ताचा आकडा. निघाला माझा.
जेवलो नाही.

१३ जाने., मंगळ.
पाखऱ्या दत्ताच्या गोठ्यात! त्या व्यापाऱ्याकडून यानेच घेतला. दत्ताच्या हातून पेंड खात होता. माझ्याकडे बघून कान हलवले, परत पेंडीत तोंड. सुनीता रुसून माहेरी गेली होती तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.
म्हणालो, "मोबाईलवर तर मागं हुता की."
"मोबाईलचं ऱ्हाऊ दे. माझ्या बादलला मागं टाकताना म्या बघितलाय त्याला."
मग सहज विचारावं तसं म्हणाला, "रविवारच्या शर्यतीला दोघांना एकाच छकड्याला जुंपतोय. कासरा तूच धर. पाखऱ्या दुसऱ्याचं ऐकत न्हाई."
जिंकलो तर नाव दत्ताचं पुकारणार. नाही म्हटलं तर पाखऱ्याचा कासरा भलत्याच कुणाच्या हातात.
सुनीता विचारतेय, काय सांगून आलात?
अजून काहीच नाही.