उघडं दार

मस्कत

प्रिय आईस,
मंगेशचा इथूनच वाकून नमस्कार.

फोनवर तुझं 'जेवलास काय' एवढ्यातच बोलणं संपतं, म्हणून हे पत्र. आम्ही मजेत आहोत. श्रद्धाला इथली शाळा आवडली. मुलं तिला घाबरतात, म्हणजे तुझी सून होती तशीच आहे. उर्वीही आईबरोबर त्याच शाळेत जाते. मलाही काम मिळेल, काळजी करू नकोस. तोवर घर मी सांभाळतो. आमटी तुझ्यासारखी होत नाही, पण दोघी निमूट खातात.

आपल्याकडे दिवसभर पुढचं दार उघडं असतं ना, तसंच काल इथे ठेवलं. येणारं-जाणारं कुणी डोकावेल म्हटलं. तर दुपारी वॉचमन धावत वर आला. चोरी झाली असं वाटलं बिचाऱ्याला! मग त्याला चहा दिला. तोही घरापासून लांबच राहतो. बराच वेळ बसला.

तुझे गुडघे कसे आहेत? मालूकाकी दुपारच्या येतात ना बसायला?

आज श्रद्धा बजावून गेली, दार लावून घे. लावलं. तिची बस वळली तसं पुन्हा उघडलं. आता चहाचं आधण ठेवलंय, दोन कपांचं.

तुझाच,
मंगेश