खेकड्याची जागा

१ नोव्हेंबर २००६, बुधवार

खेकडा गेला. मासोळी, आंबा, कोंबडा, टोपली — सगळे गेले. एका टेम्पोत!

कातकरी वाडीवरची बिऱ्हाडं आज वीटभट्टीवर निघाली. भाऊबीज झाली की जातात, पावसाच्या तोंडावर येतात. दरवर्षीचंच आहे, मला काय नवीन? तरी अंगणवाडीत पाऊल टाकलं आणि खुंट्यांवरची बसकरं मोजत उभी राहिले. बावीस बसकरं. बसायला अकरा मुलं.

ही बसकरं मी फार हौसेने केलीत. देवेशने राहनाळच्या गोडाऊनमधून फाटकी पोती आणून दिली. (नवरा गोडाऊनला असल्याचा एवढाच काय तो फायदा.) ती कापली, कडा शिवल्या, प्रत्येकावर रंगाने एकेक चित्र काढलं. मुलांना नाव कुठे वाचता येतं? चित्र बघून आपलं बसकर काढायचं. चित्र ज्याचं त्याने निवडायचं. पाच जणांनी मोर मागितला, रडारड झाली! सखी कोपऱ्यात बसलेली. शेवटी म्हणाली, "खेकडा."

"खेकडा का गं?"

"त्याला घर असतं. बीळ."

सखी म्हणजे वाडीवरच्या चिंतू आणि गोदूची मोठी लेक. पाच वर्षं पूर्ण झालीत. मातीचा गोळा दिला की बाकीची मुलं लाडू वळतात नाहीतर साप. हिने खेकडा केला, आठही पाय मोजून, वर दोन नांग्या. मी ट्रेनिंगला गेले होते तिथल्या मॅडमना नसता जमला.

चित्रं निवडायच्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "बाई, तुजा चित्र कंचा?"

मी म्हटलं, मला कशाला चित्र, मला खुर्ची आहे की! सगळी हसली. ती नाही हसली.

३ नोव्हेंबर

गुणाबाई विचारत होती, "बाई, रिकामी बसकरां उचलून ठेवू का? धूळ बसंल." गुणाबाई आमची मदतनीस. खिचडी तिची, झाडलोट तिची, आणि गावातल्या सगळ्या बातम्याही तिच्याच.

नको म्हटलं. नियम आहे आमचा. नियमही सखीचाच. श्रावणात किशन तापाने घरी होता, तर हिने त्याचं बसकर आणून गोलात घातलं. मी म्हटलं, तो आलेला नाही ना? तर म्हणाली, "जागा मोडली तं आल्यावर कुठं बसंल?" तेव्हापासून जो गैरहजर असेल त्याचंही बसकर अंथरायचं. त्यावर पाय द्यायचा नाही. हजेरीला त्याचं चित्र आलं की सगळ्यांनी ओरडायचं — "येतोय!"

आज अकरा वेळा "येतोय" झालं. अकराव्या वेळी मुलं कंटाळली. मी एकटीच ओरडले.

१७ नोव्हेंबर

समाजमंदिराच्या कुलपात आज किल्ली चार वेळा फिरवली, तेव्हा उघडलं. ही खोली अंगणवाडीला उसनी मिळाली आहे आणि कुलूप तिच्याहून म्हातारं आहे. सखी सगळ्यांच्या आधी पायरीवर येऊन बसलेली असायची. मी दिसले की हात पुढे. कमरेची किल्ली काढून तिच्या हातात द्यायची, ती दोन्ही हातांनी धरून फिरवायची, आणि कुलूप लगेच उघडायचं! काय करायची देव जाणे.

पायरीवर आता कुत्रं असतं.

९ डिसेंबर

अंगणवाडीची स्वतःची इमारत मंजूर! ग्रामपंचायतीने जागाही दिली, तळ्याजवळ. दोन खिडक्या, ओटा, वेगळं स्वयंपाकघर. गुणाबाई नाचायचीच बाकी राहिली.

मला आनंद झालाच. पण पहिल्यांदा मनात काय आलं, तर नव्या दाराचं कुलूप कसं असेल, तिला जमेल का.

१५ जानेवारी २००७

तिळगूळ वाटला. अकरा लाडू उरले, ते डब्यात ठेवले. देवेश म्हणतो, "जागृती, मुंग्या लागतील." लागू देत. पुढे म्हणाला, "घरातला पण एक माणूस असतो म्हटलं. त्याचं बसकर कुठाय?" म्हैस काढून देते म्हटलं. हसला बिचारा.

पण तो बरोबर बोलला. मी घरी असून नसते हल्ली. चुलीवर भात आणि डोक्यात भट्टी. कुठली भट्टी तेही माहीत नाही. टेम्पो कुठे नेतो ते वाडीवरच्या म्हाताऱ्यांनाही धड सांगता येत नाही. मला तिची आठवण येते. बावीस मुलांच्या बाईने असं एकीचं लिहू नये, पण इथे कोण वाचतंय!

२ फेब्रुवारी

मुख्यसेविका मॅडम आल्या होत्या. रिकामी बसकरं बघून म्हणाल्या, "हे काय नाटक? तीन महिने गैरहजर मुलांची नावं पटावरून कमी करा."

मी म्हटलं, मॅडम, पावसाच्या आधी येतात ती.

"आणि जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्यांची यादी मला ३१ मार्चला हवी. मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असेल तरच नाव लिहायचं. अंदाजाने नाही."

यादीत नाव नसलं की शाळा शोधत येणार नाही. चिंतू शाळा शोधत जाणार नाही. सखी पुढच्या वर्षीही भट्टीवर, मग तिथेच. हिच्या थोरल्या चुलत बहिणीचं असंच झालं. डोळ्यांसमोर झालं माझ्या.

शिमग्याला येतील. शिमगा कातकरी माणूस चुकवत नाही.

४ मार्च, धुळवड

आले! चिंतू आला, गोदू आली, धाकटा कडेवर. सखी नाही.

"ती येत न्हाय बोलली," चिंतू म्हणाला. "माज्या भनीपाशी ठेवली. तिला तिकडं काम हाय."

काम! पाच वर्षांच्या पोरीला! माझा पाराच चढला. सणाच्या दिवशी, सगळ्या वाडीदेखत नको नको ते बोलले. लाज नाही वाटत का, विटा वाहायला लावता का तिला? गोदू म्हणाली, "तसला काम न्हाय, बाई." मग कसला? गोदू पदराआड हसली. मी आणखीच भडकले आणि घरी निघून आले.

भट्टी कुठे ते विचारायचंच राहिलं. अक्कल गेली होती चरायला.

५ मार्च

धावत वाडीवर गेले. पहाटेच गेले सगळे.

नियम पाळत नाही मी आता. आज रिकामी अकरा बसकरं अंथरली नाहीत, दहाच. खेकडा खुंटीवर ठेवला. ती येत नाही बोलली ना! दुपारी मुलं गेल्यावर काढून अंथरलं.

२० मार्च, मंगळवार

आधी हे लिहिते, मग स्वयंपाक.

इमारतीचं काम निम्म्यावर आलंय. सावळाराम गवंडी पिंपात विटा भिजवत होता, एकदम हाक मारली, "बाई, बघा हो, पोरांचा कारभार!" विटेच्या सपाट बाजूवर ओल्या मातीत बोटाने काढलेलं चित्र. भाजून पक्कं झालेलं.

खेकडा. आठ पाय. दोन नांग्या.

मी तिथे खडीवरच बसले. मग सगळा ढीग उपसला. सावळाराम बोंबलत होता, मी ऐकलं नाही. मासोळी मिळाली. आंबा. कोंबडा. आणि एक सूर्य, तो आमच्यातल्या कोणाचाच नाही. आणखी एक तर चित्र की काय तेही कळेना, एक गोल आणि त्याला दांडी, कडेचं टोक उडालेलं. सावळाराम म्हणाला, "डाव हाय हा! गुणाबाईचा, खिचडी वाढायचा!" डावाचं चित्र तर कोणाचंच नव्हतं. ती वीट दिली त्याला. त्याने खिडकीखालच्या थरात लावून टाकली.

पाच विटा घरी आणल्या. ट्रकवाल्याला विचारलं. विटा पडघ्याच्या पुढून, नदीकडेच्या भट्टीवरून आल्या म्हणे.

ती येत नाही बोलली असेल, पण एकेकाचं चित्र काढत बसली होती तिथे. आठवण काढत होती आमची! रविवारी जाते. हात धरून घेऊन येते. चिंतूच्या पाया पडेन, पण आणते.

२५ मार्च, रविवार

देवेशने गाडी काढली. पाच विटा पोत्यात घालून मध्ये ठेवल्या. "बायकोबरोबर पहिल्यांदाच विटा फिरवतोय," म्हणाला. पडघ्याला तो चहा प्यायला, तोवर मी भट्टीचा रस्ता विचारून आले.

भट्टी म्हणजे नुसती धूळ आणि धग. गोदूने लांबूनच बघितलं, मातीचे हात घेऊन पळत आली. शिमग्याचं काही बोलली नाही. मला झोपड्यांच्या मागे नेलं, जांभळाच्या झाडाखाली.

तिथे सखी उभी होती. उंच झालीय. केस भुरे. पुढ्यात गोल करून आठ मुलं जमिनीवर बसलेली, प्रत्येकासमोर काडीने धुळीत एकेक चित्र काढलेलं. ती काडी दाखवत होती आणि मुलं ओरडत होती. आमची तीन होती, बाकीची नदीपलीकडची, विदर्भाकडची, दोघे हिंदी बोलणारे. एक चित्र आलं, तिथे कोणी नव्हतं. सगळी ओरडली, "येतोय!"

मला रडूच फुटलं. हे तिचं काम.

मग मला बघितलं तिने. "बाई!" म्हणाली, आणि जागची हलली नाही. गोल मोडला असता ना.

विटा काढल्या तर पोरं तुटून पडली. आता कळलं! त्या आठवणीच्या नव्हत्याच, बसायच्या होत्या. बसकरं कुठून आणणार, म्हणून कच्च्या विटेवर चित्र काढून त्यावर बसायचं. एक दिवस चिंतूने न बघता बाकीच्या विटांबरोबर भट्टीत रचल्या, आणि गेल्या. मुकादमाने पुन्हा माती दिली नाही. तेव्हापासून धुळीत.

सखीने खेकड्यावर नख मारून बघितलं. "पक्की झाली. आता फुटत न्हाय." सूर्य एका शेंबड्या पोराला दिला, तो त्यावर बसला तो उठेचना.

मी विषय काढला. चल गं माझ्याबरोबर, मी नेते, माझ्या घरी राहा.

तिने गोलाकडे बघितलं. "पोरां कुनाकडं ठेवू?"

मी त्या आठ तोंडांकडे बघितलं.

"पावसाचे आधी येतो," म्हणाली. चिंतू मागे उभा होता, त्याने मान हलवली. मी त्याला शिमग्याच्या बोलण्याबद्दल माफ कर म्हटलं. तो म्हणाला, "जाव द्या बाई. यादीत नाव घाला पोरीचा." पुन्हा बघितलं तिला नीट, डोळे भरून. मॅडमना सांगायला.

निघताना सखीने विटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "किल्ली कुठं हाय?"

कोणाची किल्ली? कुठलं पोर ते? ती ओठ मुडपून हसली, आईच्या पदरात तोंड लपवलं. कितीदा विचारलं, सांगेना. मला वाटलं, येताना एखादी पडली वाटेत.

२६ मार्च, सोमवार

पहिलीच्या यादीत सखीचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

गुणाबाईला सगळं सांगितलं. ती खिचडी ढवळत होती, ढवळायची थांबली. "अवं बाई, किल्ली म्हंजे तुमी!"

तशीच बांधकामावर गेले. सावळारामने कुरकुरत खिडकीखालची वीट काढली. सिमेंट पुसलं. गोल, दांडी, आणि उडालेल्या टोकाजवळ दोन बारीक दात.

पाच महिने मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत होते. तिकडे रोज माझी जागा मांडली जात होती.

सावळाराम विचारतो, तिथे दुसरी वीट लावू ना? लाव म्हटलं. ही मला हवी आहे. रविवारी भट्टीवर जाऊन बसायला.