भिंतीत ठेवलेला पाईप

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या जागी वृद्धनिवासाचं पाणी सांभाळायला लागून मला वर्ष झालं नाही, तोवर परीक्षा आली. दुसऱ्या मजल्याच्या गरम पाण्यात लिजनेलाचे जंतू सापडले. शॉवरच्या तुषारांतून ते छातीत जातात आणि म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया होतो. अजून कोणी आजारी नाही. शॉवर बंद केलेत, बॉयलर साठ अंशांवर ठेवलाय, रिकाम्या खोल्यांतले नळ रोज वाहते करते. बाकीचे नळ सुधारले, पण आत्याच्या खोलीजवळचे दोन काही केल्या दाद देत नाहीत. पुढच्या तपासणीतही जंतू निघाले तर अख्खा मजला रिकामा करणार आहेत. आत्याने आधीच जाहीर केलंय की तिला खुर्चीसकट उचलावं लागेल.

नकाशात नसलेला, पाणी साचून जंतू वाढतील असा एखादा पाईप तुम्हाला आठवतो का? असला तर मी काढीनच, तुम्ही फक्त जागा सांगा.

लोभ आहेच, या प्रश्नाने तो कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. बावीस वर्षं त्या इमारतीत एक नळ गळू दिला नाही, आणि काल आलेली पोर मला नकाशा विचारते. माझ्या कामात काही राहून गेलेलं नाही.

इथवर लिहून पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. तुझी आई म्हणाली, पाठवायचं तर पाठवा, पण तोंड एवढंसं का झालंय ते आधी सांगा. तर ऐक. आत्याच्या खोलीला लागून पूर्वी टबाचं न्हाणीघर होतं. टब काढला तेव्हा मी पाईप कापला नाही. तोंडाला बूच मारलं आणि वर फरशी बसवली. उद्या कोणाला टब हवा झाला तर पाईप तयार असावा, एवढाच विचार. मी नेहमी तसंच करत आलो. नकाशा सुबक दिसावा म्हणून त्यात दाखवला नाही. खिडकीपासून चौथी फरशी, कमरेच्या उंचीवर. बुचापाशी कापू नकोस, मुख्य पाईपातून फुटतो तिथंच काप.

माझी ताई त्या भिंतीपलीकडे झोपते गं. मला फार लाज वाटते.

माया ठेव.
बाबा

१ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चौथीच फरशी निघाली. आत अडीच मीटर पाईप, त्यात काळपट पाणी आणि बोटाला लागणारा बुळबुळीत थर. मुळाशी कापला, सगळी लाईन धुऊन काढली. काल तपासणीचा निकाल आला, एकाही नळात जंतू नाहीत. मजला रिकामा करावा लागणार नाही. आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, लहानपणी पसारा पलंगाखाली ढकलून खोली आवरली म्हणायचा, अजून तसाच आहे. तिने तुम्हाला भेटायला बोलावलंय.

अहवालात मी फक्त ‘जुना बंद पाईप आढळला’ असं लिहिलंय. कोणाचा, ते कोणी विचारणार नाही. निर्धास्त राहा आणि आशीर्वाद असू द्या.

तुमची,
ठमी

५ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

ताईला सांग, रविवारी येतोय आणि बोलणी खायला तयार आहे.

तो अहवाल मात्र परत घे. त्यात माझं नाव लिही, आणि बूच मारून पाईप भिंतीत ठेवायची पद्धत माझी, हेही लिही. माझ्या हाताखाली सहा जण शिकले. आज ते सहा इमारतींचं पाणी बघतात आणि सहाही जण बूच मारतात, कारण तसं केल्यावर मी त्यांची पाठ थोपटली आहे. अहवालाची प्रत त्या सहाही जणांना पाठव. नुसता ‘जुना पाईप’ वाचून ते कागद बाजूला ठेवतील. माझं नाव दिसलं, तर उठून भिंती फोडतील.

नाव लिहिलंस म्हणून माझी माया कमी होणार नाही.

बाबा