गाऊनमधला गरबा

पूज्य मोटाभाई,

जय हाटकेश. इथे आम्ही सारे सुखरूप आहोत (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे येईलच). तुमच्या गुडघ्यांना दिल्लीची थंडी मानवते का? भाभींनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोहोचलं, पण माझ्या पानात पडलेलं नाही. तुमची धाकटी बहीण मंजुळा म्हणते, ज्याची वकिलीची सनद शाबूत, त्यालाच लोणचं. म्हणजे विषयावर आलोच.

राज्याच्या वकील परिषदेच्या शिस्त समितीपुढे माझ्यावर गैरवर्तणुकीची तक्रार चालली. घाबरू नका, मी अशिलाचा पैसा खाल्ला नाही की खोटा साक्षीदार उभा केला नाही. मी नाचलो. आमच्या भीखाभाईच्या (याची विहिरीची केस मी त्याच्या लग्नाआधीपासून चालवतोय) मुलाच्या लग्नाचा वरघोडा मधल्या सुट्टीत नेमका कोर्टाच्या फाटकावरून चालला होता. मी पान खायला बाहेर आलो होतो. भीखाभाईने माझा दंड धरला, "चला वकीलसाहेब! विहिरीचा निकाल नाही मिळवून दिलात, निदान पोराच्या लग्नात तरी नाचा!" आता ढोल वाजायला लागला की काठेवाडी माणसाचे पाय कायदा विचारत बसत नाहीत. अंगात काळा गाऊन, गळ्यात पांढरी पट्टी, तसाच मी थेट भाजीबाजारापर्यंत गेलो. गिरकी घेतली की गाऊन छत्रीसारखा उघडायचा आणि बायाबापड्या टाळ्या पिटायच्या, म्हणून गिरक्या जरा जास्तच झाल्या.

आणि आमचा नियम असा, की कोर्टाबाहेर सार्वजनिक जागी वकिलाने गाऊन-पट्टी घालून हिंडायचं नाही. सूट फक्त ठरवून दिलेल्या समारंभांपुरती. वजुभाई राणपरा वकिलाने (माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो आणि माझ्याच डब्यातले थेपले खातो) सगळं मोबाइलवर टिपलं आणि तक्रार ठोकून दिली. शिक्षा तीन प्रकारच्या: समज देतात, काही काळ वकिली बंद करतात, नाहीतर सनदच काढून घेतात. हसू नका, मोटाभाई. सनद गेली तर मी कोण? वकिलीखेरीज मला एकच गोष्ट येते, आणि तीही आता गुन्हा ठरत होती. नोटीस आली त्या दिवसापासून मी डबा वजुभाईकडे पाठ करून उघडू लागलो.

सुनावणी अहमदाबादेत. समितीत तिघे, तेही वकीलच. मी म्हणालो, लग्न हा समारंभ नाही तर काय तेरावं आहे? अध्यक्ष झवेरीसाहेब म्हणाले, समारंभ यादीतला हवा. मी म्हणालो, यादी दाखवा. यादी कुणाकडेच नव्हती. मग भिंतीवर माझा नाच लावला. सुरतचे सदस्य म्हणाले, हा गरबा, म्हणजे देवीची उपासना, म्हणजे हा धार्मिक समारंभच. यावर जामनगरचे सदस्य उसळले, "याला गरबा म्हणता? तुम्हा सुरतवाल्यांना जेवण सोडून कशातलं काय कळतं! हा हींच नाच आहे, हींच!" आणि पावलं दाखवायला उभे राहिले. सुरतच्यांनी टाळीचा ठेका धरला. तिघांच्याही अंगात गाऊन होते, म्हणून झवेरीसाहेबांनी आधी उठून दाराला कडी घातली. शिस्तीची सुनावणी बंद दाराआड का ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मधल्या काळात वजुभाई पेंडे घेऊन घरी आला. म्हणाला, "लाभुभाई, चूक झाली, रागाच्या भरात लिहून गेलो. तुमचे थेपले बंद झाल्यापासून दुपार सुनी जाते." तक्रार मागे घ्यायला आम्ही दोघे मिळून गेलो, तर समिती म्हणाली, एकदा दाखल झाली की ती तुमची राहत नाही, आमची होते. झालं, तारखा पडत राहिल्या. कधी मी सर्दीसाठी मागितली, कधी मामेसासऱ्यांच्या श्राद्धासाठी. मी विसरलो तर वजुभाई मागायचा. एकदा दोघांनी एकदम मागितली आणि एकाच बसने परत आलो.

शेवटी झवेरीसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जोशीपुरा, तुम्ही नाचलात हे दिसतंय, वाईट हेतू मात्र दिसत नाही. तक्रार निकालात काढतोय. तुम्हाला काही म्हणायचंय?" मोटाभाई, हा प्रश्न मला कोर्टात उभ्या जन्मात हजारदा विचारला गेला असेल आणि त्याला मी एकच उत्तर देत आलोय. मी उठलो, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "साहेब, तयारीला वेळ मिळाला नाही, पुढची तारीख मिळावी." मागून वजुभाई म्हणाला, "आमची हरकत नाही." आणि झवेरीसाहेब, तेही जुने वकील, सवयीने म्हणाले, "मंजूर." लिहून झाल्यावर आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं, पण तोवर शिक्का बसला होता. वर्षाच्या आत निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीच्या परिषदेकडे जातं. पुढच्या तारखेच्या आतच वर्ष भरलं, आणि फाइल गेली दिल्लीला.

मंजुळा बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे. भाभींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
लाभशंकर जोशीपुरा, वकील (तूर्त)

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. दिल्लीच्या सुनावणीला तुम्ही माझ्या मागच्या खुर्चीवर बसा. अध्यक्षांनी "काही म्हणायचंय?" असं विचारलं की माझा कोट धरून मला खाली ओढायचं, एवढंच. वकील देऊ नका. वकील माझ्याआधी तारीख मागेल. घरात तुमच्याएवढा दणकट आणि वकील नसलेला माणूस दुसरा नाही.

ता. क. दुसरा : सुनावणी देवदिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. त्या दिवशी तुम्हाला सवड नसेल तर मुळीच संकोच करू नका. तसं नुसतं कळवा, मी पुढची तारीख मागून घेतो.